नदीपासून ठिबकपर्यंत: पाण्याच्या दाबाचा हिशेब मीटरमध्ये करा

कृष्णाकाठी पाइपलाइनची बोलणी सुरू झाली की तीन आकडे हमखास ऐकू येतात. पाइप ‘सहा किलोचा’, पंप ‘पंचेचाळीसच्या हेडचा’ (म्हणजे ४५ मीटर उंच पाणी चढवणारा) आणि ठिबकला ‘एक किलो प्रेशर’. पाइप एका दुकानातून येतो, पंप दुसऱ्या आणि ठिबकचा माणूस तिसराच असतो. त्यामुळे हे आकडे वेगवेगळे वाटतात आणि कुणी ते एकत्र मांडून बघत नाही. वास्तविक तिन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. एक चौरस सेंटिमीटर जागेवर १० मीटर उंच पाण्याचा खांब उभा आहे असे समजा. त्यात १००० घन सेंटिमीटर, म्हणजे एक लिटर, म्हणजे एक किलो पाणी बसते. म्हणून १० मीटर उंची म्हणजे १ किलोचा दाब. वितरकांच्या कागदावर कधी बार, कधी पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) लिहिलेले असते: १ बार म्हणजे १.०२ किलो, आणि १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय.

या हिशेबात फक्त उभी उंची धरायची. टाकी ५०० लिटरची असो की ५० हजारांची, तिच्यातल्या पाण्याची पातळी १० मीटर उंचीवर असेल तर खालच्या नळाला एकच किलो मिळतो. ३०० मीटर लांबीचा पाइप उतारावरून ३० मीटर चढत असेल तर तो भरून उभा असताना तळाला ३ किलो दाब असतो, मग पाइप दोन इंची असो की सहा इंची. टाकी मोठी केली की प्रेशर वाढेल या समजुतीपायी पैसे खर्चू नका. त्याच पैशात टाकी दोन मीटर उंच बांधली तर खरोखर ०.२ किलो वाढतो.

उंची आधी मोजा

मोबाइलमधल्या उंचीवर पंप निवडू नका, ती सहज पाच-दहा मीटरने चुकते. गवंड्याची पाण्याची नळी पुरते. ८ ते १० मिलिमीटरची, आरपार दिसणारी २० मीटर नळी घ्या, त्यात रंगीत पाणी भरा आणि दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा. एक काठी नदीच्या पाण्याजवळ उभी करायची, दुसरी चढाच्या दिशेला. नळीची दोन्ही टोके काठ्यांना धरली की दोन्हीकडचे पाणी एका सपाटीत येते. दोन काठ्यांवरच्या आकड्यांतला फरक हा तेवढ्या टप्प्याचा चढ. मग मागची काठी पुढे न्यायची, असे करत शेताच्या सर्वांत उंच कोपऱ्यापर्यंत जायचे. सगळे फरक वहीत लिहून शेवटी बेरीज करा. काठावर चढ उभा असेल तर टप्पे आखूड ठेवा.

दोन गोष्टींनी हे मोजमाप बिघडते. एक म्हणजे टोकावर ठेवलेला अंगठा. दोन्ही टोके उघडी असतील तरच दोन्हीकडे हवेचा दाब सारखा राहतो. अंगठ्याखाली हवा कोंडली की पाणी सपाटीत येत नाही. वाचताना दोन्हीकडचे अंगठे काढलेले हवेत. दुसरी, नळीत अडकलेला बुडबुडा. नळीच्या उभ्या भागात १० सेंटिमीटरचा बुडबुडा राहिला तर त्या टप्प्याला १० सेंटिमीटरची चूक होते, आणि असे वीस टप्पे गेले की दोन मीटर. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या, मग पूर्ण नळी हातातून सरकवत डोळ्यांनी तपासा.

जुनी लाइन असेल तर आणखी सोपे. लाइन भरलेली ठेवून मोटर बंद करा आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या (पाणी उलटे येऊ न देणाऱ्या झडपेच्या) पुढच्या, म्हणजे शेताकडच्या बाजूला बसवलेले गेज वाचा. काटा २.८ वर थांबला तर गेजपासून लाइनचे तोंड २८ मीटर उंच आहे. काटा हळूहळू खाली येत असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे किंवा लाइन कुठेतरी पाझरते आहे.

पंप पाणी ओढत नाही

सर्वांत जास्त चुका सक्शनमध्ये, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतच्या पाइपात, होतात, म्हणून इथे थोडे थांबायला हवे. पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करतो. नदीच्या पाण्यावर हवेचे वजन बसलेले असते. ते वजन पाण्याला पाइपात वर ढकलते. तेव्हा मोटर कितीही अश्वशक्तीची लावली तरी हवा जितके ढकलू शकते त्याच्यापेक्षा वर पाणी येत नाही. इटलीत टोरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीने हवेचे हे वजन दाखवून दिले.

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. उंचीवर हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. तिथे हिशेबाला ९.७ मीटर धरा. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास, तिथे जेमतेम ८.८. आता सांगलीच्या ९.७ मधून वजाबाकी करा. पाणी ३० अंशांना असेल तर त्याची वाफ होऊ नये म्हणून ०.४ मीटर सोडावे लागते. फूट व्हॉल्व्ह (सक्शनच्या पाण्यातल्या टोकाची झडप), बेंड आणि पाइपातली घासट, म्हणजे घर्षण, मिळून सुमारे एक मीटर. शिवाय पंपाच्या पंख्याला तोंडाशी काही दाब लागतोच; तो पंपाच्या कागदावर एनपीएसएच या नावाने मीटरमध्ये लिहिलेला असतो, शेतीच्या पंपांना बहुधा अडीच ते तीन मीटर. उरले साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. सांगली-मिरज भागात पाण्याच्या पातळीपासून पंपाच्या मध्यापर्यंतचे अंतर याच्या आत ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या शेतांना तळ्यातून पाणी घेताना साडेचार मीटरच धरा. सांगलीत नीट चाललेला पंप तिकडे नेल्यावर आवाज करू लागला तर त्यात पंपाचा दोष नसतो.

कृष्णेची अडचण अशी की नदी एका पातळीवर राहत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. उन्हाळ्यातली आणि महापुरातली पातळी यांत दहा मीटरहून कितीतरी जास्त फरक पडतो. एप्रिलमध्ये खरड छाटणीनंतर द्राक्षबागेला पाणी हवे असते तेव्हा नदी खाली गेलेली असते. पंप पुरापासून वाचेल इतका वर ठेवला तर एप्रिलमध्ये पाणी धरत नाही. एप्रिलसाठी खाली ठेवला तर ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातो. काठावर कायमच्या चौथऱ्यावर पंप बसवून हा तिढा सुटत नाही. एक तर पंप पातळीबरोबर वर-खाली नेता यावा, म्हणजे रुळांवरची ट्रॉली किंवा दर हंगामाला उचलण्याची तयारी. नाही तर जॅकवेल, म्हणजे नदीला पाइपाने जोडलेली विहीर, बांधून त्यात बुडालेला पंप. बुडालेल्या पंपाला सक्शनच नसते, पाणी आपल्या वजनानेच त्यात शिरते, म्हणून वरची सगळी वजाबाकी टळते. परवडत असेल तर जॅकवेलच करावी, आणि ती चार-पाच जणांनी मिळून केली तर परवडते.

जॅकवेलमध्ये मोटर बंद असताना विहिरीची पातळी आणि नदीची पातळी एकच असायला हवी. मोटर चालू केल्यावर विहीर थोडी खाली जाते आणि थांबते. तो फरक म्हणजे नदीकडून येणाऱ्या पाइपात खर्च झालेला दाब. गेल्या वर्षी अर्धा मीटर होता आणि यंदा दीड झाला, तर त्या पाइपाच्या तोंडाशी गाळ आला आहे.

सक्शन जोडताना पाइप डिलिव्हरीपेक्षा (पंपातून शेताकडे जाणाऱ्या पाइपापेक्षा) एक साइज मोठा घ्या. तो पंपाकडे सतत चढता असावा. मध्ये कुबड राहिले की तिथे हवा साचते. मोठ्यातून लहान करणारा रिड्युसर तिरका घ्या आणि त्याची सपाट बाजू वर ठेवा, कारण हवा वरच्या बाजूलाच साचते. फूट व्हॉल्व्ह पाण्यात किमान तीन फूट बुडालेला आणि तळापासून दीड फूट वर हवा. पृष्ठभागावर भोवरा दिसला तर तो हवा आत घेतोय. सक्शनच्या बाजूला पाणी कमी करण्यासाठी व्हॉल्व्ह कधीही आवळू नका. पाणी कमी करायचे ते डिलिव्हरीच्या व्हॉल्व्हने.

पंपात हवा राहिली तर तो पाणी का उचलत नाही, हेही मीटरमध्ये कळते. ४० मीटर हेडचा पंप, आत जे असेल त्याला ४० मीटर उचलतो. आत पाणी असेल तर ४ किलो. आत हवा असेल तर ४० मीटर हवेचा खांब, आणि हवा पाण्यापेक्षा आठ-नऊशे पट हलकी, म्हणून पाण्याच्या भाषेत चार-पाच सेंटिमीटर. मोटर पूर्ण वेगाने फिरत असूनही सक्शनमधले पाणी वीतभरही हलत नाही. म्हणून पंप आणि सक्शन पाण्याने पूर्ण भरा, वरच्या कॉकमधून बुडबुडे येणे थांबेपर्यंत भरत राहा.

सक्शनची गळती डोळ्यांना दिसत नाही, कारण आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. मोटर चालू असताना प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तो सांधा फुटका. मोटर बंद करून सक्शन भरून ठेवले तर त्याच सांध्यातून थेंब येतात. ग्लँडही, म्हणजे पंपाच्या शाफ्टभोवतीचे दोरीचे पॅकिंगही, तपासा: मिनिटाला तीस ते साठ थेंब पडत असतील तर ग्लँड ठीक. थेंब अजिबात नसतील तर दोरी जास्त आवळली गेली आहे, ती शाफ्ट खाईल.

पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येत असेल तर तिथे पाणी उकळते आहे, ३० अंशांनाच. दाब ०.०४ किलोपर्यंत उतरला की त्या तापमानालाही वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाब वाढताच फुटून पंख्याला खड्डे पाडतात. पहिला उपाय, फूट व्हॉल्व्हची जाळी साफ करा. दुसरा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा आवळा, म्हणजे प्रवाह कमी होऊन पंपाची गरज उतरते. तरी आवाज राहिला तर पंप खाली घेतल्याशिवाय इलाज नाही.

सक्शनला व्हॅक्यूम गेज लावणे स्वस्त आहे आणि फार थोडे लोक लावतात. ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असते. एक मीटर पाणी म्हणजे साधारण ७४ मिलिमीटर. पंप पाण्यापासून ४ मीटर वर असेल तर ३०० तर दिसणारच, घासट धरून ३५० ते ३७०. काटा ५०० च्या पुढे गेला तर जाळी तुंबली आहे. काटा २०० वर थरथरत असेल आणि पाणीही कमी असेल तर कुठून तरी हवा येते आहे.

पाइप किती इंची

उंचीशिवाय दुसरा खर्च घासटीचा, आणि पाइप लहान झाला की तो फार वेगाने वाढतो. एक उदाहरण पूर्ण मांडू. पाणी सेकंदाला १० लिटर हवे आहे, म्हणजे ताशी ३६ हजार लिटर. उभी उंची सक्शनसकट ३० मीटर, लाइन १००० मीटर, पीव्हीसी पाइप सहा किलोचा.

९० मिलिमीटरचा पाइप घेतला तर दर १०० मीटरला सुमारे ३.९ मीटर घासट, लाइनभर ३९. बेंड-व्हॉल्व्हचे दोन धरून एकूण हेड ७१ मीटर. ११० मिलिमीटरला दर १०० मीटरला १.४ मीटर, एकूण ४६. १४० मिलिमीटरला अर्ध्या मीटरपेक्षाही कमी, एकूण ३६. अश्वशक्ती काढायची तर लिटर गुणिले मीटर, भागिले ७५, आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरून पुन्हा ०.६ ने भागायचे. ९० ला १५.८, ११० ला १०.२, १४० ला ८ येते. बाजारात मिळणाऱ्या साइजमध्ये म्हणजे अनुक्रमे २०, साडेबारा आणि १० अश्वशक्तीची मोटर. पाइपाचे पैसे एकदाच जातात, विजेचे दर महिन्याला. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहील असा पाइप घ्या; वरच्या उदाहरणात ९० मध्ये वेग १.८ होतो, ११० मध्ये १.२.

‘जास्त हेडचा पंप घेतला तर काळजी नाही’ हा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो चुकीचा आहे. ७० मीटरचा पंप ४६ मीटरच्या लाइनला जोडला तर तो जादा पाणी फेकतो, मोटर जादा अँपिअर खाते, गरम होते, आणि सक्शनची गरजही वाढते. असा पंप गळ्यात पडलाच असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह आवळून गेजवर ठरलेला दाब आणा आणि अँपिअर मोटरच्या पाटीवरच्या आकड्याच्या आत आहे ना ते पाहा. किर्लोस्करवाडी १९१० पासून याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे पंपाची माहिती असलेले कारागीर इथे गावोगाव भेटतात. त्यांच्याकडून पंपाचा हेड-डिस्चार्जचा (किती उंचीला किती पाणी याचा) तक्ता मागून घ्या आणि तुमचा आकडा तक्त्याच्या मधल्या भागात बसतो का ते बघा.

किती किलोचा पाइप

पीव्हीसी पाइप २.५, ४, ६, ८, १० आणि १२.५ किलोचे मिळतात. वरच्या उदाहरणात पंपाजवळ चालू दाब साधारण साडेचार किलो. मग सहाचा पुरेल असे वाटते. पण लाइन चालू असताना फुटत नाही, ती वीज गेल्यावर फुटते.

हजार मीटर लाइनमध्ये आठ टनांहून जास्त पाणी सेकंदाला १.२ मीटर वेगाने धावत असते. मोटर थांबली तरी ते लगेच थांबत नाही. थोडे पुढे जाते, मागे पोकळी पडते, मग उलटे फिरून नॉन रिटर्न व्हॉल्व्हवर आदळते. हा पाण्याचा हातोडा. पीव्हीसीत दाबाची लाट सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास पळते. ३५० गुणिले १.२, भागिले ९.८ केले की सुमारे ४३ मीटर येतात, म्हणजे ४.३ किलो. वाईटात वाईट परिस्थितीत उंचीच्या ३ किलोवर हे चढून ७.३ होतात. म्हणून तळाचा भाग ८ किंवा १० किलोचा, मधला ६ चा आणि वरच्या टोकाकडे, जिथे उंचीच उरलेली नसते, तिथे ४ चा, अशी लाइन करा. सगळी लाइन एकाच किलोची घेतली तर वर पैसे वाया जातात आणि खाली जीव टांगणीला.

हाच हातोडा व्हॉल्व्ह झटकन बंद केल्यानेही बसतो. लाट शेवटापर्यंत जाऊन परत यायला २००० भागिले ३५०, म्हणजे सहा सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद झाला तर पूर्ण फटका. बॉल व्हॉल्व्हचा दांडा चौथाई फिरवला की बंद होतो, म्हणून मुख्य लाइनवर तो नको. चाकाचा व्हॉल्व्ह लावा आणि बंद करायला किमान अर्धा मिनिट घ्या. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह स्प्रिंगचा घेतला तर पाणी उलटण्याआधीच मिटतो. लाइन खूप लांब असेल तर पंपाजवळ दोन घ्यावेत आणि चढावर मध्येच एक.

ऑटो स्टार्टरला उशिराचा टायमर हवाच. वीज गेली, दहा सेकंदांनी आली आणि मोटर लगेच सुरू झाली तर उलट येणाऱ्या पाण्यावर पंप समोरून धक्का मारतो. टायमर तीन ते पाच मिनिटांवर ठेवा.

पुरणे, भरणे, तपासणे

लाइनमध्ये जिथे जिथे उंचवटा येतो तिथे एअर व्हॉल्व्ह लावा. अडकलेली हवा पाण्याची वाट अरुंद करते. शिवाय लाइन रिकामी होताना हवा आत आली नाही तर आत पोकळी पडते, आणि २.५ किलोचा पातळ पाइप बाहेरच्या हवेच्या वजनाने चपटा होतो. उकरल्यावर दाबलेल्या पुठ्ठ्याच्या नळीसारखा दिसतो. लोक त्यावरून ट्रॅक्टर गेला असेल असे समजतात.

बेंडच्या मागे काँक्रीटचा ठोकळा घालणे बहुतेक जण टाळतात. ११० मिलिमीटर पाइपाचे तोंड ९५ चौरस सेंटिमीटरचे. ६ किलो दाबाला बंद टोकावर ५७० किलो जोर पडतो, आणि काटकोनी बेंडवर ८०० किलो. चिकटवायच्या सोल्युशनचा सांधा एवढे रोज सोसत नाही. बेंड दर चालू-बंदला केसभर सरकतो आणि दोन-तीन हंगामांत निसटतो. ठोकळा बेंडच्या बाहेरच्या बाजूला, न उकरलेल्या घट्ट मातीला टेकून ओता. चराच्या भरावाला टेकला तर काही उपयोग नाही. काळ्या जमिनीत तो जरा रुंद करा, कारण ओली झाली की ती माती मागे सरते.

सांधे जोडल्यावर २४ तास दाब देऊ नका. मग पाइपांच्या मधल्या भागावर माती टाका आणि सांधे उघडे ठेवा. डिलिव्हरी व्हॉल्व्ह चौथाई उघडून लाइन हळूहळू भरा. ११० च्या हजार मीटर लाइनमध्ये ८,३०० लिटर पाणी मावते. सेकंदाला अडीच लिटरने भरली तर पाऊण ते एक तास लागतो, आणि तो लागू द्या. पूर्ण वेगाने भरली तर पुढे पळणारी हवा वरच्या व्हॉल्व्हमधून सुटते आणि पाणी तिथे येऊन आपटते. भरल्यावर चालू दाबाच्या दीडपट दाब द्या, मात्र पाइपाच्या किलोच्या वर जाऊ नका, आणि तासभर गेज बघा.

तपासणी पाण्यानेच करा. कॉम्प्रेसरच्या हवेने लाइन तपासणे जिवावर बेतू शकते. ६ किलो दाबाला पाणी आपल्या आकाराच्या दहा हजारात तीन भागांइतकेच दबते. पाइप तडकला की चार थेंब उडून दाब शून्यावर येतो. तीच हवा ६ किलोला सातव्या हिश्श्यात दाबलेली असते. तडा जाताच सातपट फुलते आणि पीव्हीसीच्या चकत्या माणसाच्या अंगात घुसतात. लाइनमध्ये हवा कोंडलेली असताना दाब चढवला तरी थोडा तसाच धोका राहतो, म्हणून भरताना हवा पूर्ण काढणे इतके महत्त्वाचे.

शेताच्या बांधावर

ठिबकच्या फिल्टरला आधी एक आणि नंतर एक अशी दोन गेजे लावा. साफ जाळीच्या फिल्टरला ०.२ ते ०.३ किलो लागतात. फरक ०.५ झाला की मोटर बंद करून जाळी धुवा. आणखी थांबलात तर जाळी फाटते, आणि मग फरक एकदम कमी दिसू लागतो. फरक आपोआप कमी झाला म्हणजे फिल्टर सुधारला नाही, फाटला. नदीच्या पाण्याला जाळीच्या आधी वाळूचा फिल्टर हवाच, आणि पावसाळ्यात तो रोज उलटा धुवावा लागतो.

खताच्या व्हेंचुरीला (पाण्यात खत ओढून घेणाऱ्या अरुंद गळ्याच्या नळीला) दाब लागत नाही, दाबाचा फरक लागतो. अरुंद गळ्यातून पाणी जोरात जाते तिथे दाब हवेच्याही खाली उतरतो आणि टबातले खत आत ढकलले जाते. येताना दीड किलो आणि जाताना एक असेल तर ती ओढते. दोन्हीकडे सारखेच असेल तर कितीही किलो असो, खत हलणार नाही. बायपासचा मधला व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळत फरक निर्माण करा.

साध्या ड्रिपरला १ किलोला ताशी ४ लिटर पाणी येत असेल तर अर्ध्या किलोला दोन येत नाही, २.८ येते, प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून शेताच्या दोन टोकांत दाबाचा फरक वीस टक्के असला तरी पाण्याचा फरक दहा टक्केच पडतो, आणि तिथपर्यंत चालते. तपासायला मोजपात्र पुरे: ड्रिपरखाली सहा मिनिटे ठेवा. ४ लिटरच्या ड्रिपरने ४०० मिलिलिटर द्यायला हवेत. पहिल्या नळीचे पहिले झाड, पहिल्या नळीचे शेवटचे, शेवटच्या नळीचे पहिले आणि शेवटचे, एवढी चार ठिकाणे बघा. शेत उतरते असेल तर दर मीटर उताराला ०.१ किलो वाढतो, आणि वरच्या झाडांपेक्षा खालची झाडे जादा पाणी पितात. तीन मीटरपेक्षा जास्त उतार असलेल्या प्लॉटचे वरचा आणि खालचा असे दोन भाग करून वेगळे व्हॉल्व्ह द्या. ते न जमल्यास दाब सारखा ठेवणारे ड्रिपर घ्या.

मोटर बंद झाली की उतारावरच्या नळ्यांतले पाणी खालच्या ड्रिपरांतून निघून जाते आणि वरच्या ड्रिपरांत उलटी ओढ तयार होते. तेवढ्या वेळात ते भोवतीचा चिखल आत घेतात. वरची झाडे दर वर्षी सुकत असतील आणि ड्रिपर खोलल्यावर आत बारीक माती सापडत असेल, तर सबमेनच्या (ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाच्या) सर्वांत उंच टोकाला अर्ध्या इंचाचा एअर व्हॉल्व्ह बसवा, जमिनीपासून दोन फूट वर.